दसऱ्यानंतर अख्ख्या सोसायटीत बेब्लेड! हे खूळ मुलांमध्ये पसरतं तरी कसं?

ऐरोलीची_आई
नमस्कार सगळ्यांना, पोस्ट जरा मोठी होणार आहे पण गेले पंधरा दिवस डोक्यात हेच चालू आहे म्हणून लिहितेय.

आम्ही ऐरोलीत राहतो, चार विंग्जची सोसायटी, ए ते डी, मध्ये छोटं ग्राउंड. मुलगा तिसरीत. गणपतीपर्यंत आमच्या घरात बेब्लेड, म्हणजे ते लाँचरने खेचून सोडायचे आणि एकमेकांवर आपटणारे भोवरे, हा शब्दसुद्धा नव्हता, त्याचं सायकल आणि क्रिकेट, बास. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बघते तर बी विंगच्या जिन्याखाली बारा-पंधरा मुलं गोल करून उकिडवी बसलीयेत, मध्ये ते प्लास्टिकचं परातीसारखं स्टेडियम, आणि थ्री टू वन लेट इट रिप करून सगळे एका सुरात ओरडतायत. माझा लेक मागे उभा होता, हात पाठीमागे बांधून, कारण त्याच्याकडे नव्हतं. ते बांधलेले हात मला बघवले नाहीत खरं सांगते.

मला समजून घ्यायचंय की हे पसरलं कसं. आमच्याकडे कार्टून चॅनल नाहीये, मोबाईल दिवसाला अर्धा तास तोही माझ्यासमोर. जाहिरात त्याने बघितलेलीच नाही. शेजारणीला विचारलं, तिच्याकडेही तेच. मग पंधरा घरांत एकाच आठवड्यात एकच वस्तू कशी काय येते? आणि डी विंगमध्ये मात्र काहीच नाही, तिथली मुलं अजून लपाछपीच खेळतायत. एकाच सोसायटीत असं कसं?

आणखी एक. मोठी मुलगी आता नववीत आहे, ती पाचवीत असताना पॉप इट आलं होतं, आठवतंय ना, सिलिकॉनचे बुडबुडे दाबायचे ते. तेव्हा तर शाळाच बंद होत्या, मुलं घरात कोंडलेली, तरी पसरलं! चार पडलेत अजून ड्रॉवरमध्ये.

घ्यायचं की नाही हा प्रश्न आहेच, पण त्याआधी हे समजलं तर बरं वाटेल. कोणाला अनुभव?

नौपाडा_खेळणीवाले
ताई, माझं नौपाड्यात स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं दुकानदार आणि कंपन्या मिळून हे सगळं घडवतात. माझा अनुभव सांगतो, दुकानदाराला सगळ्यात शेवटी कळतं.

आमच्याकडे काय होतं, एक मुलगा येतो आणि काहीतरी मागतो, नाव पण धड सांगता येत नाही त्याला, हाताने करून दाखवतो. आपण नाही म्हणतो. दोन दिवसांनी दुसरा. मी एक गोष्ट बघतो, गणवेश. एकाच शाळेची चार पोरं मागत असतील तर डझनभर आणायचं, तो त्या वर्गातला खेळ असतो, महिनाभरात संपतो. पण तीन वेगवेगळ्या शाळांच्या गणवेशातली मुलं एकाच आठवड्यात तीच वस्तू मागायला लागली की समजायचं हे आता ठाणेभर जाणार. मग मी सकाळची लोकल पकडून अब्दुल रहमान स्ट्रीट नाहीतर मस्जिद बंदर गाठतो आणि डझन नाही, बॉक्सच उचलतो.

२०१७ चं फिजेट स्पिनर घ्या, ती बोटांत धरून गरगर फिरवायची चकती. त्याच्यामागे एक अशी मोठी कंपनी नव्हतीच, ज्याच्याकडे साचा आणि बेअरिंग आहे तो बनवत होता, कार्टून नाही, टीव्हीवर जाहिरात नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी पहिला माल ३५० रुपयाला एक असा विकला, रांग लागायची संध्याकाळी, मोठी माणसंसुद्धा घ्यायची. महिनाभरात १०० वर आला, शाळा सुरू झाल्यावर फूटपाथवर ४० ला मिळायला लागला आणि ज्या दिवशी तो सगळ्यांच्या हातात दिसला त्या दिवसापासून मागणी बंद. मी शेवटचा बॉक्स जूनच्या अखेरीला उचलला होता, तो दिवाळीपर्यंत पडून होता. आमच्या धंद्यात शेवटचा बॉक्स ज्याने उचलला त्याचं नुकसान, हे आम्ही सगळेच एकमेकांना सांगतो आणि तरी दर वेळी कोणीतरी उचलतोच.

बेब्लेडचं यंदा खरंय, ऑगस्टपासून विचारणा वाढलीय. घ्यायचं ठरवलंत तर आयएसआय मार्क बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे. बाहेरच्या मालावर ड्युटी पण २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ ला ७०, त्यामुळे चांगल्या मालाला पैसे पडतात, पण फुटकळ मालात लाँचरचा दात आठवड्यात झिजतो आणि फिरती चकती धारदार निघते. लहान बोटं आहेत, त्यात तडजोड नको.

भोवरा_५९
ताई, आम्ही तलावपाळीजवळ वाढलो, साठ-सत्तरच्या दशकातलं ठाणं. तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझे वडील आठवले, ते अगदी हेच विचारायचे की काल तर गोट्या होत्या, आज सगळ्यांच्या हातात भोवरे कुठून आले रे.

आमच्याकडे खेळांचे हंगाम असायचे. पाऊस थांबून जमीन जरा घट्ट झाली की गोट्यांची गल खणली जायची, संक्रांतीच्या आधी पतंग, शाळेला सुट्टी लागली की विटीदांडू, आणि भोवरा मध्येच कधीतरी उगवायचा. हवेचं समजू शकतो, पतंगाला वारा लागतो. पण भोवऱ्याला काय लागतं? कोणीतरी एक जण माळ्यावरून जुना भोवरा काढायचा, जाळी म्हणजे दोरी गुंडाळायचा आणि चाळीच्या चौकात आर, म्हणजे खालचा खिळा, टेकवून सोडायचा, दुसऱ्या दिवशी आळीतल्या प्रत्येक पोराच्या खिशात भोवरा. मग ज्याचं घर कोकणात तो पुढच्या खेपेला सावंतवाडीचा रंगीत लाखेचा भोवरा घेऊन यायचा आणि आम्ही सगळे तो नुसता हातात घेऊन बघायचो. काडेपेट्यांच्या छापांचंही तसंच. त्या छापांची किंमत शून्य, कचऱ्यातून उचललेल्या, पण अमुक एक छाप दहा साध्या छापांच्या बदल्यात, हा भाव कोणी ठरवला ते आजही मला माहीत नाही, आणि जांभळी नाक्यापासून स्टेशनपर्यंत सगळीकडे भाव एकच होता.

नातवामुळे मी बेब्लेडबद्दल थोडं वाचलं, ते सांगतो कारण मला फार आवडलं. जपानमध्ये बेगोमा म्हणून जुना खेळ आहे, समुद्री शंखात वाळू भरायची, वरून मेण ओतून बंद करायचा, त्याला दोरी गुंडाळून फिरवायचा. पुढे ते ओतीव लोखंडाचे झाले. बादलीवर किंवा पिंपावर जाड कापड ताणून बसवायचं, मध्ये थोडा खोलगट भाग, त्यात दोघांनी आपापले भोवरे सोडायचे, ज्याचा बाहेर फेकला गेला त्याने तो गमवायचा. म्हणजे आपल्या गुच्च्यासारखंच, फक्त आपण एकमेकांच्या भोवऱ्याला आरेने खोक पाडायचो. त्याच्यावरून टाकारा कंपनीने १९९९ साली बेब्लेड काढलं. तेव्हा तुमच्या जिन्याखाली जे चाललंय ते फार परकं समजू नका. नातू माझ्या हातातली जाळी बघून म्हणाला आजोबा तुमचा लाँचर दोरीचा आहे.

नेरूळच्या_बाई
मी नेरूळला प्राथमिक शाळेत शिकवते, अठरा वर्षं झाली, दर वर्षी असं एक तरी बघते त्यामुळे राहवलं नाही.

आधी एक सांगते, विकायला काहीच नसतं तेव्हासुद्धा खूळ येतं. पेन फाईट बघा. बाकावर दोन पेनं, बोटाने टिचकी मारून दुसऱ्याचं पेन खाली पाडायचं. त्यासाठी कुठली कंपनी नाही, जाहिरात नाही, पण मी शाळेत असताना होतं आणि आज माझ्या वर्गात आहे, मधली सुट्टी झाली की टक टक सुरू. जड पेन कुठलं, टोपणाला रबरबँड लावला की घसरत नाही, हे ज्ञान चौथीतून तिसरीत येतं आणि कोणीही मोठ्याने ते शिकवलेलं नसतं.

बी.एड.ला असताना इंग्लंडच्या आयोना आणि पीटर ओपी या नवरा-बायकोबद्दल वाचलं होतं, त्यांनी आयुष्यभर शाळकरी मुलांचे खेळ आणि गाणी गोळा केली. त्यातलं एक मला कायम आठवतं. डिसेंबर १९३६ मध्ये तिथल्या राजाने, आठव्या एडवर्डने, सिम्पसन बाईंशी लग्न करायचं म्हणून गादी सोडली. मुलांनी एका ख्रिसमसच्या भजनाच्या चालीवर त्याचं विडंबन केलं. ते ना पेपरात छापलं जाणार होतं ना रेडिओवर लागणार होतं, तरी काही आठवड्यांत एकमेकांपासून कितीतरी लांबच्या शहरांतली मुलं तेच म्हणत होती. टीव्ही नाही, फोन नाही. मावशीकडे गेलेला एक मुलगा, बदली होऊन आलेलं एक कुटुंब, एवढं पुरतं.

टिकणाऱ्या खुळांत मला दर वेळी तेच दिसतं. वस्तू खिशात मावते, दप्तरात लपते. मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत दुसऱ्याला शिकवता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती करून दाखवता येते, नुसती जवळ असून भागत नाही. १९२८ ला पेद्रो फ्लोरेस नावाच्या फिलिपिनो माणसाने कॅलिफोर्नियात यो-यो बनवायला सुरुवात केली, पुढे डोनाल्ड डंकनने तो धंदा घेतला, आणि यो-यो खपवायला ते नुसती जाहिरात करून थांबले नाहीत, करामती करून दाखवणारी माणसं गावोगाव पाठवली. ती माणसं शाळेच्या आसपास, गोळ्या-चॉकलेटच्या दुकानासमोर उभी राहून करून दाखवायची, मुलांना शिकवायची, स्पर्धा घ्यायची. वस्तूच्या आधी कौशल्य पसरवायचं. २०१६ मध्ये बाटली उडवून उभी पाडायचं आलं होतं, अमेरिकेतल्या एका शाळेच्या टॅलेंट शोचा व्हिडिओ, आणि इथे नेरूळला माझ्या वर्गात पाण्याच्या बाटल्यांचा खच. त्यात तर विकत घ्यायचं काहीच नव्हतं.

ताई, एक करून बघा. मुलाला "सगळ्यात जास्त बेब्लेड कोणाकडे आहेत" असं विचारू नका, सगळी मुलं एकच नाव सांगतील. "तू पहिल्यांदा कोणाच्या हातात बघितलंस" असं विचारा. आणि मग त्या मुलाला तेच विचारा.

घणसोली_बाबा
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण मला हे इतकं निरागस वाटत नाही, माफ करा. मला दोन मुली आहेत आणि मी हे फार जवळून भोगलंय.

पॉप इटचं विचारलंत ना ताई. ते मूळचं थिओ आणि ओरा कोस्टर या जोडप्याने १९७५ मध्ये बनवलेलं, तेव्हा चाललं नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी फॉक्समाइंड नावाच्या कॅनडाच्या कंपनीने सिलिकॉनमध्ये काढलं, तेव्हाही ठीकठाक. मग २०२० मध्ये एका पाळीव माकडाचा त्याच्याशी खेळतानाचा टिकटॉक व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला आणि सगळीकडे भडका. आपल्याकडे तर टिकटॉक जून २०२० लाच बंद झालं होतं, पण तेच व्हिडिओ यूट्यूबवर आले, आणि २०२१ ला आपली मुलं शाळेसाठी म्हणून दिवसभर मोबाईलसमोरच बसलेली होती. शाळा बंद होती म्हणून पसरलं नसतं असं वाटतं, उलट आहे, तेव्हा सगळ्या मुलांचं एकच मैदान होतं आणि ते म्हणजे स्क्रीन.

आता लबूबू, ती दात दाखवणारी केसाळ बाहुली. कासिंग लुंग नावाच्या चित्रकाराने २०१५ ला ते पात्र काढलं, २०१९ पासून पॉप मार्ट ही चिनी कंपनी विकते, आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या लिसाने बॅगेला लावलेलं दाखवलं आणि जगभर रांगा. पण त्यातली खरी गोम वेगळी आहे, डबा बंद असतो, आत कुठलं आहे ते कळत नाही, आणि जे दुर्मीळ असतं ते ७२ डब्यांमागे एक. नऊ वर्षांच्या मुलीला हे द्यायचं? माझ्या धाकटीने वाढदिवसाचे सगळे पैसे त्यात घातले, एका ऑनलाईन विक्रेत्याकडून मागवलं, नकली निघालं, दात तिरके होते, आणि ती रडली नाही हो, गप्प बसून राहिली. मला अजून राग येतो.

आणि बाई, यो-योचं उदाहरण तुम्हीच दिलंत, ते पण कंपनीनेच पाठवलेली माणसं होती. १९५८ ला हुला हूप काढणाऱ्या व्हॅम-ओने कॅलिफोर्नियात बागेत मुलांना रिंगा फुकट वाटल्या होत्या, मग चार महिन्यांत अडीच कोटी विकल्या. पहिली ठिणगी टाकणारा बहुतेक वेळा मोठाच असतो आणि त्याला पैसे मिळवायचे असतात.

वागळे_इस्टेट
मला बाई आणि बाबा दोघांचंही पटतं. मी वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये आहे, आकडेमोडीची आवड आहे म्हणून डी विंगच्या प्रश्नावर लिहितो, कारण मला तोच सगळ्यात भारी वाटला आणि त्याला कोणी हात लावला नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७८ मध्ये एक साधी कल्पना मांडली. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो. म्हणजे किती जणांनी केलं की मग मी करीन. समजा शंभर मुलं आहेत. एकाचा उंबरठा शून्य, तो कोणाचीही वाट बघत नाही. दुसऱ्याचा एक, त्याला एकाला बघितलं की पुरे. तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्व्याण्णव. पहिला सुरू करतो, त्याला बघून दुसरा, दोघांना बघून तिसरा, आणि शंभरच्या शंभर खेळायला लागतात. आता फक्त एक बदल करा, ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. पहिला सुरू करतो आणि दुसरा कोणी येतच नाही, कारण बाकी सगळ्यांना निदान दोघे तरी खेळताना दिसायला हवेत. नव्व्याण्णव मुलं अगदी तीच, आणि खेळ एकावर थांबला.

तुमच्या डी विंगची मुलं वेगळ्या स्वभावाची असतील असं नाही ताई. कदाचित तिथेही कोणीतरी बेब्लेड आणलं असेल, एकटाच फिरवत बसला असेल, आणि दुसरा लगेच न आल्यामुळे त्याने ते कपाटात टाकलं असेल. बाहेरून बघणाऱ्याला तिथे काहीच नव्हतं असं दिसतं. कंपन्यांचं पण हेच होतं, बाबा. ठिणगी त्या शंभर ठिकाणी टाकतात, माकडाचे व्हिडिओ रोज हजारो येतात, पेट कुठे घेईल ते त्यांच्या हातात नसतं. तुम्हीच सांगितलंत की पॉप इट १९७५ ला चाललं नाही.

दुसरं म्हणजे बेब्लेडची वर्षं बघा. पहिलं १९९९. मग मेटलवालं २००८. मग बर्स्ट, ते आपटून सुटं होतं ते, २०१५. आणि एक्स २०२३. मधलं अंतर नऊ, सात, आठ वर्षं. सात-आठ वर्षांच्या मुलाला यात रस येतो, दहा-अकराव्या वर्षी संपतो, म्हणजे नवीन आवृत्ती येईपर्यंत आधीची सगळी मुलं या वयातून बाहेर पडलेली असतात आणि ज्यांनी कधी बघितलंच नाही अशी पूर्ण नवी फळी तयार असते. आधी झालेल्याला पुन्हा होत नाही, गोवरासारखं. कंपनी हे ठरवून करते का ते मला माहीत नाही, पण आकडे तसे पडतात.

खेळणीवाल्या दादांनी स्पिनरचं लिहिलं त्यावरून आठवलं, त्यातलं ते बेअरिंग ६०८ नंबरचं, बाहेरून २२ मिलिमीटर, स्केटिंगच्या चाकातलं. त्या मे महिन्यात आमच्याकडे लहान ऑर्डरी देणारी नवीनच माणसं यायला लागली होती, कोणी शंभर नग, कोणी दोनशे. मी मुलाला एक घरी बनवून दिला, पितळेचा, टर्न करून. तो अजून फिरतो, दोन मिनिटं दहा सेकंद.

घणसोली_बाबा
उंबरठ्याचं पटलं. म्हणजे माझ्या धाकटीचा तीन असावा, तिच्या तीन मैत्रिणींकडे आल्यावरच तिने मागितलं होतं, त्याआधी महिनाभर दुकानात समोर दिसत असूनही ढुंकून बघितलं नव्हतं. पण बंद डब्याबद्दल माझं मत तेच आहे. खेळून दाखवायची गोष्ट वेगळी आणि नशीब लागलं तरच मिळणारी गोष्ट वेगळी.

नेरूळच्या_बाई
बाबा, बंद डब्याच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. वर्गात ज्या वस्तूने अदलाबदल सुरू होते तिथे रडारडी होते, दुर्मीळ कार्ड लहान मुलाकडून मोठा मुलगा साध्या दोन कार्डांवर काढून घेतो आणि लहानग्याला घरी गेल्यावर कळतं. पेन फाईटमध्ये असं कधी होत नाही. पेन हरला तरी त्याचंच असतं.

ऐरोलीची_आई
मंडळी, आठ दिवसांनी येतेय, पण रिकाम्या हाताने नाही. बाईंनी सांगितलं तसं केलं.

लेकाला विचारलं पहिल्यांदा कोणाकडे बघितलंस. तो म्हणाला बी विंगचा दादा, सहावीतला, त्याच्याकडे सात आहेत आणि ते मोठं स्टेडियम त्याचंच. सगळ्यांनी तेच नाव सांगितलं होतं आणि मी पण तेच धरून चालले होते. मग मी त्या दादाला लिफ्टमध्ये गाठलं, तुला कुठून कळलं रे, तर तो म्हणे ए विंगमधल्या दोन भावांकडे बघितलं, आणि बाबांकडे हट्ट करून आणले. ते दोघे भाऊ म्हणे शाळेच्या व्हॅनमध्ये. व्हॅनमध्ये कोणाकडे? तर म्हणे ती नाही का, सी विंगची, चौथीतली, चष्मा लावते.

मी एका कागदावर बाण काढत गेले, अकरा मुलं आणि दोन व्हॅनवाले काका झाले विचारून. सगळे बाण तिच्याकडे जातात! ही मुलगी कधी खाली फारशी खेळताना पण दिसत नाही, शांत, पुस्तकवाली. तिच्या आईला विचारलं तर उलगडलं. गणपतीला ते संगमेश्वरजवळ गावी गेले होते, तिथे डोंबिवलीचा मामेभाऊ आला होता, त्याच्याकडे दोन होते, पाच दिवस दोघांनी ओटीवर पितळी परातीत फिरवले आणि निघताना त्याने तिला एक देऊन टाकला. तो तिने व्हॅनमध्ये नेला, सीटवर फिरवता येत नाही म्हणून पाटी मांडीवर घेऊन त्यावर. म्हणजे तिचा उंबरठा शून्य आणि त्या दोन भावांपैकी एकाचा एक. दादा पहिला नव्हताच, तो सहावा होता, पण त्याच्याकडे सात असल्यामुळे सगळ्यांच्या लक्षात तोच राहिला.

आणि एका आठवड्यात कसं झालं तेही कळलं. घटस्थापनेपर्यंत फक्त पाच मुलांकडे होतं, व्हॅनमधली आणि सख्खी. मग नवरात्रीत ग्राउंडवर गरबा, नऊ दिवस सगळ्या विंग्जची मुलं रात्री दहापर्यंत खाली, आया गरब्यात आणि मुलं बी विंगच्या जिन्याखाली कारण तिथे लाईट असतो. एरवी ए विंगचं मूल बी विंगच्या मुलाला आठवड्यात एकदा भेटतं, इथे रोज तीन-तीन तास. दसऱ्याला पंधरा झाले. डी विंगची मुलं मात्र यंदा नवरात्रीत आलीच नव्हती, त्यांच्या गेटकडे ड्रेनेजचं खोदकाम होतं म्हणून त्यांच्या आया त्यांना रात्री खाली पाठवत नव्हत्या. आणि वागळे इस्टेटच्या दादा, तुमचं पण खरं ठरलं, डी विंगमध्ये एका मुलाकडे ऑगस्टपासून आहे. एकट्याकडे. तो घरात आजोबांसोबत खेळतो.

लेकाला एक आणून दिला, एकच, नौपाड्याच्या दादांनी सांगितलं तसा मार्क बघून. स्टेडियम नाही घेतलं, आमच्याकडेही आजीची परात आहे. पहिल्या दिवशी चार वेळा हरला आणि जेवताना मला अर्धा तास सांगत होता की टोक सपाट असलेला फिरतो जोरात पण लवकर थांबतो आणि टोकदार जास्त वेळ टिकतो. हे त्याला त्या चष्मेवाल्या मुलीने सांगितलं.

भोवरा_५९
ताई, टोकाचं अगदी बरोबर आहे, आम्ही आर घासून घ्यायचो ती त्यासाठीच. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

ऐरोलीची_आई
काका, काल सांगितली. ती बेब्लेड आता खेळतच नाहीये. बाकावर बसून एक मोठं कोटाचं बटण दोऱ्यात ओवून दोन्ही हातांनी ओढत होती, गरगर फिरतं आणि घूं असा आवाज येतो ते, गावच्या आजीने शिकवलं म्हणाली. शेजारी ए विंगचा धाकटा भाऊ बसून बघत होता. आणि आज सकाळी माझ्या लेकाने शाळेत जाताना विचारलं, आई आपल्याकडे मोठं बटण आहे का.